पाचापैकी पाच

माझ्या आजाराचं एकच लक्षण सांगायचं झालं तर हे सांगेन: माणूस समोर बसलेलं असतानाच मला त्याची आठवण यायची. नवरा जेवायला बसलेला असायचा, भाकरी मोडत असायचा, आणि मला वाटायचं, हा आता उठून जाणार आणि परत येणार नाही. मग मी ताटावरच भांडण उकरून काढायचे. भांडण काढलं की तो खरंच उठून जायचा. त्यामुळे माझं भाकीत कधी चुकलं नाही.

मी मनीषा, वय एकतीस, राहणार तुळजापूर. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आईचं छोटं दुकान आहे. हळदकुंकू, ओटीचं सामान, परड्या, कवड्यांच्या माळा. वडील मी लहान असतानाच गेले, पाठचं-पुढचं कुणी नाही. लग्न उमरग्यात झालं होतं, ते तीन वर्षं टिकलं. आणि मी जिवंत आहे, बऱ्यापैकी बरी आहे, हेही आधीच सांगून टाकते. ज्यांच्या घरात असं आजारपण चालू आहे त्यांना गोष्टीचा शेवट आधी कळलेला बरा. त्यांच्या जिवाला आधीच कमी घोर नसतो.

उमरगा

नवरा वाईट नव्हता. तो वाईट असता तर सोपं झालं असतं. हायवेवरच्या एका दवाखान्यात तो कंपाउंडर होता. मी त्याला दिवसातून तीस-चाळीस फोन करायचे. "पेशंट आहेत गं," तो म्हणायचा. पेशंट आहेत म्हणजे मी नको आहे, असा मी सरळ अर्थ लावायचे. फोन उचलला नाही तर लगेच परत लावायचे, आणि उचलला तर तोंडातून शिव्या जायच्या.

एकदा भर उन्हात हायवेच्या कडेकडेने चालत दवाखान्यात गेले. ट्रक अंगावरून जावेत तसे जवळून जात होते. तो खरंच तिथे आहे का, एवढंच बघायचं होतं. तो होता. कुणाच्या तरी हाताला पट्टी बांधत होता. मला बघितलं आणि त्याने हळूच कपाळाला हात लावला. ते हात लावणं मी अजून विसरलेले नाही.

सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "पोरगी गुणाची हाय हो, पण हिला दमच निघत न्हाय." खोटं काय होतं त्यात? शेवटी एक दिवस त्याने मला दोन बॅगा घेऊन आईकडे आणून सोडलं. "थोडे दिवस राहा," म्हणाला. ते थोडे दिवस अजून चालू आहेत. पुढे वकिलाचे कागद आले. मी सही केली. बस स्टँडवर उमरग्याची गाडी लागली की आजही माझी मान आपोआप वळते.

त्यानंतर मी काय केलं, कसं केलं, ते इथे लिहिणार नाही. त्यात शिकण्यासारखं काही नाही. एवढंच सांगते की ती तिसरी वेळ होती, आणि मला रिक्षात घालून नेताना आईने दुकान उघडं टाकलं होतं. गल्ल्यासकट. माझ्या आईने दुकान उघडं टाकणं म्हणजे काय, ते आमच्या रस्त्यावर कुणालाही विचारा.

देवी निजलीया

नवरात्राच्या आधीचे दिवस होते. त्या दिवसांत देवी सिंहासनावरून पलंगावर निद्रेला जाते, आणि तिची निद्रा संपेपर्यंत आमच्या घरात कुणी गादीवर, खाटेवर झोपत नाही. मी मात्र दवाखान्याच्या खाटेवर होते, हाताला सलाईन. आईला त्याचीही बोचणी. पहिल्याच दिवशी तिने खाटेच्या कडेला हात जोडून देवीची माफी मागितली. "आजारी हाय, तिचं मनावर घिऊ नकु."

दवाखान्याचे दिवस सगळे सारखे. सकाळी झाडू, मग फिनेलचा वास, मग डॉक्टरांचा राउंड. सिस्टर माझी पिशवी रोज उलटी करून तपासायच्या. बाथरूमला कडी लावायची नाही. भेटायला येणाऱ्यांना आई सांगायची, "पित्त खवळलंय." माझ्या पित्ताची कीर्ती तेव्हा अख्ख्या गल्लीत झाली. मावसबहिणीने तर पित्तावर कोकमचं सरबत पाठवलं. ते चांगलं होतं.

आई खाली फरशीवर बसायची, तिथेच आडवी व्हायची. एकदा सकाळी राउंडच्या आधी सिस्टर ओरडल्या, "मावशी, तिकडे बाकडं रिकामं आहे की. फरशी किती गार आहे. आणि डोळे बघा तुमचे, झोपत नाही का तुम्ही?"

आई म्हणाली, "देवी निजलीया न्हवं का. ती उठंस्तोवर कुणीतरी जागं पायजे का न्हाय?"

मी भिंतीकडे तोंड केलं. मला तिचा राग आला होता. एवढं प्रेम अंगावर आलं की मला रागच यायचा, कारण ते पुढे कधीतरी बंद होणार असं मी धरूनच चालायचे. आई माझ्या खाटेपासून दोन हातांवर होती. जगात मला तीच हवी होती. पण हात खाली सोडून तिच्या डोक्याला लावणं मला जमलं नाही.

ज्यांनी जाण्याची वेळ आधी सांगितली

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला धाराशिवला एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. आम्ही सगळे त्यांना केतकी मॅडम म्हणायचो. त्या पुण्याच्या, संशोधनासाठी वर्षभर इकडे आलेल्या. एका जुन्या इमारतीत जिन्याजवळची खोली, बाहेर लाकडी बाक. पुन्हा पुन्हा जीव द्यावासा वाटणाऱ्या आणि माझ्यासारखा आजार असलेल्या माणसांवर एक उपचारपद्धती त्या वापरून बघत होत्या. मोठ्या शहरांत ती चालते, इकडे खेड्यापाड्यांत, घरच्यांना सोबत घेऊन चालेल का, हा त्यांचा प्रश्न. आठवड्याला एक भेट, माझी गुरुवारी, एक गट, रोज भरायचं एक कार्ड. मुदत एक वर्ष.

संमतीचा कागद मी दोनदा वाचला. एका ओळीवर बोट ठेवलं. "'मधेच सोडण्याचा तुम्हाला हक्क आहे.' आणि तुम्हाला?"

"मला नाही," त्या म्हणाल्या. "वर्षभर मी सोडणार नाही. पण वर्ष झालं की हे संपेल, आणि मी जाईन. ते आजच सांगते."

मी आयुष्यात इतकी माणसं जाताना बघितली होती, पण येतानाच जायची वेळ सांगणारं हे पहिलंच. विश्वास बसला की राग आला, सांगता येत नाही. सही मात्र केली.

आजाराचं नाव त्यांनीच नीट समजावलं. व्यक्तिमत्त्वाचा विकार, बॉर्डरलाईन नावाचा. मी म्हणाले, "पोटाचा आजार असतो, मणक्याचा असतो. व्यक्तिमत्त्वाचा म्हणजे मीच आजार झाले की."

"तुम्हाला माणसांची ओढ फार आहे. ओढ हा आजार नाही," मॅडम म्हणाल्या. "ती आली की तुम्ही जे करून बसता, त्यावर आपल्याला काम करायचंय."

बाहेर बाकावर आई बसलेली. "काय म्हणल्या?" तिने विचारलं. मी म्हणाले, "ओढ आहे म्हणाल्या." आई म्हणाली, "त्ये तर मलाबी ठावं हाय. त्यासाठी एवढं शिकाया लागतं व्हय?"

कवड्या

सुरुवातीला काहीच जमलं नाही. मॅडमनी श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. मी श्वासाकडे लक्ष दिलं की पुढचा श्वास येणारच नाही असं वाटून घाबरीघुबरी व्हायचे. दोन आठवडे असेच गेले. मग त्यांनी विचारलं, "दिवसभर तुमचे हात काय करतात?"

"कवड्या ओवतात."

"मग श्वास राहू द्या. कवडीकडे बघा."

पुढच्या गुरुवारी मी मूठभर कवड्या आणि मेण लावलेला दोरा घेऊन गेले. भोकाची बाजू बोटाने चाचपायची, दोरा आत घालायचा, ओढायचा, मागच्या कवडीला ही जाऊन टेकली की टक् असा बारीक आवाज येतो. तो आवाज ऐकायचा आणि पुढची घ्यायची. मन उमरग्याला गेलं की परत कवडीवर आणायचं. दिवसातून शंभर वेळा जायचं, शंभर वेळा आणायचं. मॅडमनाही मी ओवायला शिकवलं. त्यांची माळ इतकी वाकडी झाली की आईने ती बघून "ही कुठल्या देवीला चालायची?" असं विचारलं.

फोनचा नियम वेगळा होता. काही करून बसल्यावर फोन करायचा नाही, करायच्या आधी करायचा. ऐकायला सोपं आहे. मला ते जमायला चार महिने लागले. पहिला असा फोन केला तेव्हा माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मॅडम म्हणाल्या, "कवड्या जवळ आहेत का?" होत्या.

मार्क

कार्डाचं मात्र वेगळंच झालं, आणि त्यासाठीच मी हे सगळं लिहायला घेतलंय.

कार्डावर उभ्या रांगा होत्या: दुःख, राग, भीती, आणि शेवटची, मरावंसं किती वाटलं. रोज संध्याकाळी प्रत्येकीत शून्य ते पाच यांतला आकडा लिहायचा. शून्य म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे सहन होत नाही इतकं. मी ते दुकानात, काउंटरच्या काचेवर ठेवून भरायचे.

आई दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर लावत लावत वाचते, पण आकडा तिला दुरूनही कळतो, दुकानदारीण आहे. पहिल्याच आठवड्यात तिने मागून डोकावून विचारलं, "शेवटच्यात किती पडले?"

मी म्हणाले, "पाच."

"पाचापैकी?"

"पाचापैकी."

"पाचापैकी पाच! शाब्बास गं माझी बाय!" तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. पेढ्याच्या पुड्यातला एक पेढा काढून तोंडात घातला.

म्हाताऱ्या माणसाला सांगून कशाला घोर लावायचा, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि हे पान खरं बोलण्यासाठी आहे. मला ती शाब्बासकी हवी होती. ज्या दिवशी जगणं नकोसं झालेलं असायचं, त्याच दिवशी कुणीतरी डोक्यावरून हात फिरवून शाब्बास म्हणत होतं. चुकून का होईना. मी त्या हातासाठी संध्याकाळची वाट बघायला लागले.

पुढे आकडे उतरले. चार झाले, तीन झाले, दोन झाले. आई विचारायची, "आज?" मी म्हणायचे, "दोन." ती नुसतं "बरं" म्हणायची आणि हळदीची पुडी बांधायला वळायची. मला कुठेतरी तुटल्यासारखं व्हायचं. बरी होत चालले होते आणि आईचा हात दूर जात होता.

आई मंगळवार करायला लागल्याचंही माझ्या लक्षात आलं होतं. दिवसभर उपाशी राहायची, संध्याकाळी देवीला जाऊन यायची. मी विचारलं नाही. आमच्या गावात उपास कुणी कशासाठी करतं हे विचारत नाहीत.

सहा महिने झाल्यावर मॅडमनी आईला आत बोलावलं. घरच्यांना काय वाटतं, तेही त्यांना लिहायचं होतं.

"काकू, मनीषामध्ये काय फरक दिसतो?"

"फरक हाय की. पैलं भांडी फेकायची, आता फेकत न्हाय. टायमाला जेवती. गिऱ्हाइकाशी ग्वाड बोलती." आई जरा थांबली. "पण म्याडम, एक सांगू का? अब्यासात लई मागं पडलीया."

"कुठल्या अभ्यासात?"

"तुमच्याच की. पैलं पाचापैकी पाच पडायचे. आता दोन, तीन. परवा तर येकच पडला. म्हणून म्या मंगळवार धरल्यात. देवीला म्हणलं, पोरीला पैल्यावानी पाच पडू दे, तुझी खणानारळानं ओटी भरीन."

पंखा फिरत होता. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी टेबलाकडे. सांगायचं मलाच होतं.

"आई, ते मार्क नाहीत," मी म्हणाले. "मरावंसं किती वाटतं, ते आहे. पाच म्हणजे सगळ्यात जास्त."

आईने कार्ड ओढून घेतलं. मागची कार्डंही फाईलीत होती, ती मॅडमनी पुढे केली. आई एकेका पाचावर बोट ठेवत गेली.

"ह्यो पाच?"

"हं."

"ह्या दिशी यात्रा व्हती. म्या तुला शाब्बास म्हणलं व्हतं."

"हं."

"आन ह्यो? म्या पेढा दिला व्हता."

"हं, आई."

ती सगळे पाच बोटाने पुसून काढायला निघाल्यासारखी वाटत होती. मग तिने बोट उचललं आणि पदर तोंडाला लावला. "म्या देवीकडं काय मागून बसले गं बाई. उपाशी ऱ्हाऊन मागितलं."

मी तिला धरलं. आजारपणात पहिल्यांदा मी तिला धरलं होतं, तोवर तिनेच मला धरलेलं असायचं. तिचे खांदे इतके बारीक झालेत, हे मला तेव्हा कळलं.

मॅडम म्हणाल्या, "काकू, चूक तुमची नाही. कार्ड मी केलं. शून्य म्हणजे नापास, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मलाच सुचायला हवं होतं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणजे जास्त त्रासाच्या दिवशी शाब्बासकी आणि बरं असेल त्या दिवशी काहीच नाही. हे बहुतेक घरांत होतं, मनीषा. माणूस कोसळलं की सगळे धावतात, सावरलं की आपापल्या कामाला जातात. तुमच्या घरी ते कार्डावर उमटलं, एवढंच."

आईने डोळे पुसले. मग तिच्यातली दुकानदारीण जागी झाली. "मार्कावानी ठिवताच कशाला मग? वजं म्हणा. डोक्यावर किती वजं हाय आज. वजं कमी झालं तर कुणालाबी बरंच वाटतं."

मॅडमनी ते लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात गटातल्या सगळ्यांना नवीन कार्डं मिळाली. वर छापलं होतं, 'आज डोक्यावर किती ओझं?' आईला दाखवलं तर म्हणाली, "वजं लिवायचं व्हतं. आसूं दे."

कार्डाचा उलगडा झाला त्या दिवशी आई माझ्यासोबत धाराशिवहून परत आली. उतरली ती थेट दुकानातून ओटीचं ताट घेऊन मंदिरात गेली. तासाभराने आली.

"काय म्हणालीस देवीला?" मी विचारलं.

"म्हणलं, अडाणी हाय, माझं उलटं झालंय. जे जे मागितलं त्ये समदं उलटं कर."

"आणि?"

"आन काय? ती आई हाय. तिला कळतंय." मग तिने माझ्या कार्डाकडे बघितलं. त्या दिवशी दोन होते. ती जवळ आली आणि डोक्यावरून हात फिरवला. पेढाही दिला. दोनसाठी मिळालेला तो पहिला पेढा.

गुरुवार

वर्ष संपलं. मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि शेवटचे दोन महिने दर भेटीत सांगत होत्या. पुढे कुणाकडे जायचं, त्या डॉक्टरांची ओळख करून दिली. शेवटच्या दिवशी मी त्यांना कवड्यांची माळ द्यायला गेले. भेटवस्तू घेता येत नाही म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मग त्यांनी माळेतली एकच कवडी मागितली. मी दोरा तोडून दिली.

मी भांडण काढलं नाही. धमकी दिली नाही. बाहेर आले, बाकावर बसून रडले, आणि घरी आले. याला बरं होणं म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण बरं होताना इतकं दुखतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी सकाळी मी नेहमीची गाडी धरून धाराशिवला गेले. खोलीला कुलूप होतं. अकरा ते बारा, माझ्या भेटीची वेळ संपेपर्यंत, बाकावर बसले आणि परत आले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही गेले. आईला सांगितलं, दोरा आणायला जाते. दोन्ही वेळा हात हलवत आले. दाराला कान लावला तर आत पंख्याचा आवाज येईल, असं मला वाटायचं. एकदा लावलाही.

नवीन डॉक्टरांकडे मी गेले नव्हते. कार्ड भरणं बंद केलं होतं. भरलं असतं तर काय लिहावं लागलं असतं, ते मला माहीत होतं. जुना विचार परत येऊन बसला होता. आपलं माणूस आल्यासारखा.

तिसऱ्या गुरुवारी मी स्टँडवर गाडीत बसले आणि शेजारी आई येऊन बसली. हातात फडकं बांधलेला डबा.

"तू कुठं चाललीस?"

"तू चाललीस तिकडं."

"आणि दुकान?"

"कुलूप लावलंय की."

बंद खोलीसमोर आम्ही दोघी बाकावर बसलो. तिने डब्याखालून कार्ड काढलं, कोरं, झेरॉक्स करून आणलेलं. पेनही आणलं होतं.

"आज किती?"

मी कुलपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाच."

मला वाटलं, आता ही ऊर बडवणार. पण ती म्हणाली, "बरं. पाचला काय करायचं म्हणल्या व्हत्या म्याडम?"

"एकटं बसायचं नाही. कुणालातरी सांगायचं."

"मंग सांगितलंस की. येकटीबी न्हाईस." तिने डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चिरलेला कांदा. मी खाल्लं. भूक लागली होती, तेही मला खाताना कळलं.

जेवण झाल्यावर ती फडकं झटकत म्हणाली, "मला कुणी इचारलं न्हाय कंदी."

"काय?"

"किती हाय म्हणून."

मी पेन हातात घेतलं. "तुझं किती आहे, आई?"

तिने बराच वेळ घेतला. भाव सांगताना ती कधी एवढा वेळ घेत नाही. "तीन साल पाचच व्हतं. मराया न्हाय गं, तसलं न्हाय. नुसतं वजं. तू दुपारची निजलीस तरी नाकापाशी बोट धरून बघायची, वारा येतोय का. गिऱ्हाईक उभं ऱ्हायचं आन म्या आत." मग म्हणाली, "आता चार धर."

जाणाऱ्या माणसांसाठी मी उभं आयुष्य झुरत आले. जी गेलीच नाही, जी फरशीवर बसून राहिली, तिला मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या बाकावर मला माझी लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त तिची ओढ वाटली. ती शेजारीच बसली होती. या वेळी मी भांडण काढलं नाही, तिचा हात धरला.

तिथून आम्ही उठलो आणि थेट नवीन डॉक्टरांकडे गेलो, कारण पाच म्हणजे नुसत्या भाकरीने भागत नाही. हे वाचणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं. पाच असेल त्या दिवशी माणसाला सांगायचं, आणि त्या माणसाने त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. पित्त आहे असं सांगू नका, खरं सांगा. आणि विचारायला घाबरू नका. विचारल्याने ओझं वाढत नाही, हे मी दोन्ही बाजूंनी बघितलंय.

दोन रांगा

आता आमच्या कार्डावर दोन रांगा असतात. एक माझी, एक तिची. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की काउंटरच्या काचेवर भरतो. मला बहुतेक दिवशी एक असतो, कधी शून्य, वर्षातून काही दिवस तीन. उमरग्याची गाडी लागली की मान अजून वळते. गुरुवारी अकराच्या सुमारास हात कवड्यांवर थांबतात. पुण्यात कुठेतरी एका टेबलावर माझी एक कवडी असेल, असं मी धरून चालते. ही ओढ जायची नाही, आणि आता तिने जावं असा माझा हट्टही नाही. ती येते, बसते, मी पुढची कवडी घेते.

आईच्या रांगेत मात्र अजून एकदाही शून्य पडलेलं नाही. चाराचे तीन झाले, तिनाचे दोन. मला आता दुसरं काही नको आहे. तिने एकदा बिनघोर, दुपारची, दुकान माझ्यावर टाकून गाढ झोपावं, आणि उठल्यावर शून्य सांगावं. ते मला माझ्या हाताने लिहायचंय. त्यासाठी मला इथे असावं लागेल.

काल विचारलं, "आई, आज किती?"

ती पुड्या बांधत होती. विचार करून म्हणाली, "दीड."

"दीड असं नसतं गं. एक तरी सांग, नाहीतर दोन."

"माझं हाय न्हवं? दीडच हाय. तू लिव."

मी लिहिलं.